मागचे ड्रम काढून डिस्क बसवल्या, पण पारख हँडब्रेकवर करा

आधी निकाल सांगते, कारणं मागून. माझ्या १९७८ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपच्या मागच्या चाकांना मी ड्रम काढून डिस्क ब्रेकचं किट बसवलं, हँडब्रेकसकट. चालती गाडी थांबवायला या किटला पाचपैकी साडेचार तारे. उभी गाडी धरून ठेवायला तीन, आणि तेही मालकाला एक सवय असेल तरच. सपाट गावात राहणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. मी पिट्सबर्गला राहते. इथे गल्लीगल्लीत चढ आहेत, आणि बीचव्ह्यू भागातल्या कँटन ॲव्हेन्यूचा चढ तर ३७ टक्के मोजला जातो. अशा गावात हँडब्रेक हा गाडीचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग असतो.

किटवाल्या कंपनीचं नाव देत नाही. कॅडिलॅक एल्डोराडो या जुन्या गाडीच्या पद्धतीचे कॅलिपर (पॅड दाबणारे चिमटे), एक ब्रॅकेट, दोन रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि केबल असं हे किट जुन्या जीएम (जनरल मोटर्स) ट्रकांसाठी बऱ्याच नावांनी विकलं जातं. माझ्या डब्यावरचं नाव वाचून तुम्हाला काही उपयोग नाही. ही पद्धत कशी चालते ते कळलं तर मात्र योग्य तो डबा निवडता येईल. मला साधारण साडेसहाशे डॉलर पडले. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा), व्हॉल्व्ह, ब्रेक पाइप आणि ऑइलचा खर्च वेगळा.

गाडीबद्दल थोडं. साडेतीनशे क्युबिक इंची व्ही-८, मागे बारा बोल्टची एक्सल, आणि गिअरबॉक्स एसएम-४६५, म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल. त्यातला पहिला गिअर ६.५५ चा, इतका खालचा की रिकाम्या गाडीत तो घालायची वेळच येत नाही. मॅन्युअल असल्यामुळे ऑटोमॅटिकसारखी 'पी'ची, म्हणजे पार्किंगच्या गिअरची, सोय नाही. गाडी गिअरमध्ये उभी केली तर इंजिनाचं कॉम्प्रेशन काही प्रमाणात धरतं, पण जुन्या इंजिनाच्या भरवशावर भरलेला ट्रक उतारावर सोडून मी तरी जाणार नाही. ट्रक कामाचा आहे. बागेची माती, लाकूड, शेजारणीचा सोफा, आणि भाद्रपदात आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर, प्लायवूड आणि साउंडचे डबे. मागे वजन असतंच.

आता ड्रमची बाजू मांडते, कारण डिस्क विकणारे ती कधी मांडत नाहीत. या ट्रकच्या ड्रममध्ये दोन शू (ड्रमला आतून घासणाऱ्या वक्र पट्ट्या) असतात आणि ते एकमेकांना मदत करतात. पुढचा शू ड्रमला टेकला की ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, तो खालच्या ॲडजस्टरमधून मागच्या शूला रेटतो, आणि मागचा शू आणखी घट्ट रुतून बसतो. म्हणून केबल थोडीशी ओढली तरी चालतं, पुढचं काम गाडीचं स्वतःचं वजन करतं. गाडी उतारावर जितकी जोर लावेल तितके शू आवळत जातात. डिस्कमध्ये हे फुकटचं बळ नाही. पॅड रोटरला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि केबलनं जेवढा जोर पोचवला तेवढाच दाब मिळतो. चांगल्या स्थितीतला ड्रम उभ्या गाडीला डिस्कपेक्षा घट्ट धरतो, हे मान्य करूनच या कामात उतरावं.

मग बदलले कशाला? पाण्यामुळे आणि उष्णतेमुळे. ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक जवळजवळ पोकळ जातात. लांब उतारावर ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, तो शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. आग्नेयेला युनियनटाउनकडे चेस्टनट रिजवरून रूट ४० उतरतो, तो उतार तीव्र आणि लांब आहे. पाहुणे आले की फॉलिंगवॉटर हे धबधब्यावरचं प्रसिद्ध घर दाखवायला आम्ही त्याच बाजूला जातो. माझे वडील खंबाटकी उतरताना ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, मीही तसंच करते. तरीही भरल्या गाडीत त्या उताराच्या शेवटी पेडलची ती पोकळी पायाला कळायची, आणि शेजारी मुलगी बसलेली असायची. शिवाय इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ड्रमच्या आत ॲडजस्टरचं दातेरी चाक गंजून जाम होतं, एका बाजूचा शू लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही, आणि गाडी ओढते. दर वर्षी ते उघडून साफ करायचं मला जड झालं होतं.

हँडब्रेकच्या दृष्टीनं मागच्या डिस्कचे मुख्य प्रकार तीन. पहिला, कॅलिपरमध्येच यांत्रिक पेच असलेला. केबलनं बाहेरचा लिव्हर फिरवला की आतला स्क्रू फिरतो आणि पिस्टन पुढे सरकतो. १९७९ ते १९८५ च्या एल्डोराडोत हाच होता, आणि माझ्या किटमध्येही त्याचीच नक्कल आहे. दुसरा, रोटरच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम आणि त्यात छोटे शू. हे शू चालत्या गाडीला थांबवतच नाहीत, फक्त उभ्या गाडीला धरतात, म्हणून ते फारसे झिजत नाहीत आणि हायड्रॉलिकशी त्यांचा संबंध नसतो. तिसरा, हँडब्रेकसाठी वेगळा छोटा यांत्रिक कॅलिपर. तो महाग असतो आणि मिठाच्या प्रदेशात उघड्यावरच गंजत बसतो. याशिवाय काही जण ब्रेकच्या पाइपात सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) टाकून दाब अडकवून ठेवतात आणि त्याला पार्किंग ब्रेक म्हणतात. तो पार्किंग ब्रेक नाही. सीलमधून दाब हळूहळू सुटला की गाडी सुटली.

मी पहिला प्रकार घेतला. माझ्या एक्सलसाठी टोपीतल्या ड्रमचं जे किट मिळत होतं ते जवळजवळ दुप्पट किमतीचं होतं, आणि त्याचा रोटर माझ्या १५ इंची रॅली चाकात बसत नव्हता. चाकं बदलायची नव्हती.

डबा उघडल्यावर पहिलं मत चांगलं झालं. मी टूलरूममध्ये मोजमापाचं काम करते, त्यामुळे हातात आलेली वस्तू आधी गेजखाली जाते. ब्रॅकेट जाड प्लेटचं, भोकं जागच्या जागी, कडा घासलेल्या. एक्सलच्या फ्लँजवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढून रोटर बसवला, नट आवळले आणि डगमग मोजायचा डायल लावला. एका बाजूला दोन थाऊ (इंचाचे हजारांश), दुसऱ्या बाजूला तीन थाऊ डगमग. या किमतीला मला यापेक्षा वाईटाची अपेक्षा होती. कॅलिपरचं कास्टिंग ओबडधोबड आहे, पण सील बसतात ती जागा आणि सरकत्या पिनांची भोकं स्वच्छ आहेत.

सूचनांचा कागद मात्र वाईट आहे. एका पानाची फिकट झेरॉक्स, त्यात चित्रं दुसऱ्याच एक्सलची, आणि या कॅलिपरबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका ओळीतही नाही. ती पुढे सांगते. केबल 'सर्व गाड्यांसाठी' म्हणून दिलेल्या आहेत. अशी केबल कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. मला उजवी बाजू तोकडी पडली आणि मधली केबल वेगळी बनवून घ्यावी लागली. एक्सलवर ब्रेकचा रबरी होज धरून ठेवायला क्लिप हवी, ती डब्यात नव्हती.

बसवण्याचं काम किटवाले सांगतात तितकं हलकं नाही. जुनी बॅकिंग प्लेट (ड्रममागची पत्र्याची थाळी) एक्सलच्या फ्लँजमागे अडकलेली असते, त्यामुळे शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय ती निघत नाही. काही जण ग्राइंडरनं प्लेट कापून काढतात. तसं करू नका, कारण शाफ्ट बाहेर काढणं हाच या कामातला मोठा फायदा आहे. डिफरन्शिअलचं कव्हर उघडायचं, जुनं गिअर ऑइल ट्रेमध्ये सोडायचं (त्याचा वास हाताला चांगला दोन दिवस राहतो), आतली आडवी पिन धरून ठेवणारा छोटा बोल्ट सोडायचा, पिन सरकवायची, शाफ्ट आत ढकलायचा, आणि त्याच्या टोकाची सी-क्लिप काढून घ्यायची. मग शाफ्ट बाहेर येतो. तो छोटा बोल्ट जुन्या एक्सलमध्ये तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून घाईनं इम्पॅक्ट गन लावू नये. पाना लावून आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. नवा बोल्ट स्वस्त मिळतो, तो आधीच आणून ठेवावा.

शाफ्ट हातात आला की बेअरिंग बसते ती जागा नखानं तपासा. या एक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर सरळ शाफ्टवरच फिरतात, मध्ये वेगळी रिंग नसते. तिथे खड्डे पडले असतील तर नवं बेअरिंग घालूनही उपयोग नाही. माझा डावा शाफ्ट गुळगुळीत होता, उजव्यावर हलकी रेघ होती, पण नखाला लागत नव्हती. दोन्ही सील नवीन घातले. जुना सील ठेवून डिस्क बसवणं म्हणजे महिन्याभरात गिअर ऑइल पॅडवर येऊ देणं आहे. तेल लागलेला पॅड पुसून चालत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो.

ब्रॅकेट चार बोल्टांवर बसतं. कॅलिपर रोटरच्या मधोमध आहे का ते दोन्ही बाजूंना मोजून पाहायचं, फरक असेल तर किटमधले पातळ वायसर घालायचे. इथे मला फारसं काही करावं लागलं नाही. चाक चढवून हातानं फिरवताना मात्र टकटक आवाज आला. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला लागत होती. ती काढून बाहेरच्या कडेला वजनं लावून चाकं पुन्हा बॅलन्स करून घेतली. १५ इंची चाक असेल तर हे हमखास होणार, तेव्हा टायरवाल्याला आधीच सांगून ठेवा.

आता ती गोष्ट, जी कागदावर नव्हती. साधा डिस्क कॅलिपर पॅड झिजेल तसा आपला आपण पुढे सरकतो. एल्डोराडो पद्धतीचा कॅलिपर पॅड आणि रोटरमधलं अंतर हँडब्रेकच्या लिव्हरनं भरून काढतो. नवीन कॅलिपर बसवून नुसतं ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) केलं, तर पिस्टन खूप मागे राहतो, आणि पहिलं निम्मं पेडल त्या रिकाम्या जागेतच जातं. मग लोक एअर राहिली समजून पुन्हा पुन्हा ब्लीडिंग करतात, बाटल्यांवर बाटल्या ऑइल घालवतात, शेवटी मास्टर सिलिंडरला दोष देतात.

करायचं असं. केबल अजून जोडायची नाही. कॅलिपर आणि पॅड जागेवर बसवायचे, ब्लीडरचं तोंड वर आहे ना ते पाहायचं (खाली असेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय). मग पान्यानं लिव्हर पूर्ण फिरवायचा आणि पूर्ण मागे, टेकूपर्यंत सोडायचा. पुन्हा फिरवायचा, पुन्हा सोडायचा. हळूहळू पॅड जवळ येतो. रोटर हातानं फिरतोय पण पॅड त्याला जेमतेम स्पर्श करतोय, इथे थांबायचं. माझ्या डाव्या कॅलिपरला हे लवकर जमलं. उजव्यात लिव्हर मागे येताना शेवटची दोन-तीन अंशं अडखळत होता. पिनेवर कारखान्यातला रंग साचला होता, तो खरवडून काढल्यावर लिव्हर टेकूवर 'टक्' असा बसायला लागला. हा 'टक्' आवाज महत्त्वाचा. लिव्हर टेकूपर्यंत परत आला नाही तर आतला पेच पुढचा आटा पकडत नाही, आणि अंतर भरून निघणं तिथेच बंद पडतं.

म्हणूनच केबल जोडताना ती ताणून जोडू नये. जुन्या ड्रमची सवय असलेला मेकॅनिक केबल घट्ट करतो, कारण ड्रमला ती मानवते. इथे केबल जराशी सैल हवी, दोन्ही लिव्हर टेकूवर बसलेले हवेत, आणि मगच इक्वलायझरचा (दोन्ही केबलना सारखा ताण देणाऱ्या जोडाचा) नट फिरवायचा. लिव्हरला केबल सरळ रेषेत यायला हवी. माझ्या डाव्या बाजूला ती शॉकॲब्सॉर्बरला घासत होती, तिथे एक छोटी पट्टी वाकवून वेगळा आधार दिला. घासलेली केबल पहिल्या हिवाळ्यातच तुटते.

हायड्रॉलिकमध्ये तीन गोष्टी पाहाव्या लागतात. ड्रमसाठी मागच्या पाइपात थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा. ड्रमच्या मजबूत स्प्रिंगांना तेवढा दाब काहीच नाही, पण डिस्कला स्प्रिंगच नसतात, म्हणून पॅड रोटरवर टेकलेला राहतो, तापतो, झिजतो. तो व्हॉल्व्ह मास्टर सिलिंडरमध्ये असो वा पाइपात, निघायलाच हवा. दुसरं, मागच्या कॅलिपरला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बरंच जास्त ऑइल लागतं, म्हणून चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर घेतला. तिसरं, मूळ कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकना दाब वाटून देणारा) पुढचे ब्रेक किंचित उशिरा लावतो, कारण मागच्या शूंना स्प्रिंगा ओढून ड्रमपर्यंत पोचायला वेळ लागायचा. आता ती गरज नाही. तो काढला आणि मागच्या लाइनमध्ये हातानं फिरवायच्या नॉबचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी-जास्त करणारा) घातला. जुना ठेवून त्याच्यापुढे नवा जोडला तर मागचा दाब दोनदा कापला जातो, आणि इतका खर्च करून मागची चाकं नुसती शोभेची राहतात. मागचे लोखंडी पाइप गंजले होतेच, ते सगळे तांबं-निकेलच्या पाइपानं बदलले. हा पाइप हातानं वळतो, आणि मीठ त्याचं काही बिघडवत नाही.

ब्लीडिंगला मुलगी केबिनमध्ये बसली, मी गाडीखाली. "दाब. धरून ठेव." मी ब्लीडर सोडला, बुडबुडे निघाले. "आई, पाय खाली चाललाय!" "जाऊ दे, पण उचलू नकोस. मी सांगेन तेव्हाच सोड." हे एकच वाक्य दोघींनी पाळलं तर एका संध्याकाळी काम होतं. लांबच्या चाकापासून सुरुवात, मग मागचं दुसरं, मग पुढची दोन. पेडल पहिल्याच फेरीत वरच्या तिसऱ्या भागात घट्ट झालं, आणि याचं श्रेय आधी जुळवून ठेवलेल्या पॅडना आहे. होजच्या बँजो बोल्टला (ज्याच्या आतून ऑइल जातं त्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वायसर घाला. जुने वायसर एकदा दबलेले असतात, ते गळतात.

रस्त्यावर घेतल्यावर आधी ओल्या मोकळ्या पार्किंगमध्ये नॉब लावून घेतला. नियम असा की जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत. मागची आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. रिकाम्या पिकअपच्या मागे वजनच नसतं, त्यामुळे हा धोका साध्या कारपेक्षा जास्त. नॉब पूर्ण उघडा ठेवला तर मागची चाकं लगेच घसरली. कमी करत आणलं, पुढची आधी जाम व्हायला लागली, तिथून आणखी थोडं कमी करून सोडलं. गाडी भरल्यावर नॉब फिरवून मागचा ब्रेक वाढवायचा मोह होतो. तो मी टाळते, कारण परत येताना गाडी रिकामी असते आणि नॉब विसरला जातो.

चालती गाडी आता फार छान थांबते. एकाच जोरदार ब्रेकमध्ये अंतर खूप कमी होईल अशी आशा मात्र ठेवू नका. ब्रेक लागताना वजन पुढे जातं आणि बहुतेक काम पुढचीच चाकं करतात, ती तर आधीही डिस्कच होती. फरक पडतो तो दहाव्या ब्रेकला. युनियनटाउनचा उतार मातीनं भरलेला ट्रक घेऊन उतरले, खाली सिग्नलला पेडल वर होतं तिथेच होतं. पावसात पहिला ब्रेक आणि पाचवा ब्रेक सारखाच लागतो. गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही. ग्रीन ट्री हिलवरून फोर्ट पिट टनेलकडे येताना पुढचे सगळे अचानक थांबतात, तिथे पूर्वी माझे खांदे ताठ व्हायचे, आता होत नाहीत. त्या साडेचार ताऱ्यांचा अर्धा तारा फक्त त्या कागदामुळे कापलाय.

आता हँडब्रेक. सी-१० मध्ये तो डाव्या पायानं दाबायचा असतो आणि डॅशखालचा दांडा ओढून सोडायचा असतो. माझ्या घराच्या उतारावर मी तो असा तपासला: गाडी न्यूट्रल, इंजिन बंद, चाकांपासून वीतभर अंतरावर लाकडी ठोकळे, आणि हँडब्रेक पूर्ण दाबून ब्रेकच्या मुख्य पेडलवरचा पाय हळूच उचलला. थंड गाडी तोंड वर करून धरली, तोंड खाली करूनही धरली. मागे मातीच्या पिशव्या भरल्यावरही धरली, पण पाय पूर्ण ताकदीनं दाबावा लागला. ड्रमवर निम्म्या दाबात हे व्हायचं.

मग तापलेल्या गाडीची पाळी. गावभर चढउतार करून, रोटर चांगले तापवून गाडी त्याच जागी लावली, तेवढ्याच जोरात हँडब्रेक दाबला. गाडी थांबली. मी घरात जाऊन चहा टाकला, परत आले तर चाक ठोकळ्याला टेकलेलं होतं. याचं कारण साधं आहे. तापलेला रोटर आणि पॅड फुगलेले असतात, तेव्हा केबलनं जो दाब दिला तो निवल्यावर कमी होतो. ड्रममध्ये उलट असतं, निवताना ड्रम आकसतो आणि शू आणखी आवळले जातात. हा माझ्या डब्याचा दोष नाही, या रचनेचाच आहे. मागच्या चाकांवर असे कॅलिपर असलेल्या कुठल्याही गाडीत हे थोड्याफार प्रमाणात होतं. ऑटोमॅटिक गाडीत 'पी'मुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

म्हणून आमच्या घरात आता एक रीत आहे. लांबून आल्यावर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक पूर्ण, पुढची चाकं अशी वळवलेली की गाडी सुटलीच तर फुटपाथच्या कडेला अडेल, आणि अर्ध्या तासानं कुणीतरी जाऊन हँडब्रेक एकदा सोडून पुन्हा दाबायचा. गाडी भरलेली असेल तर ठोकळाही. शिवाय रोज, सपाट रस्त्यावर लावली तरीही, हँडब्रेक वापरायचा. वापर थांबला की पॅडचं अंतर वाढतं आणि पेडल खाली जायला लागतं. हँडब्रेक कधीतरीच लावणाऱ्या माणसानं हा प्रकार घेऊच नये. पॅडसुद्धा बदलले: किटमधले सेमी-मेटॅलिक होते, थंड असताना त्यांची पकड कमी वाटत होती. त्यांच्या जागी थंड असतानाही चांगले धरणारे सिरॅमिक घातल्यावर उतारावर पायाला लागणारा जोर स्पष्ट कमी झाला. हे पॅड घालून तापलेल्या गाडीची तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा चाक ठोकळ्यापर्यंत गेलं नाही. तरी रीत आम्ही मोडलेली नाही.

पुण्यातल्या आणि कोल्हापूरच्या काही मित्रांनी विचारलं, थार किंवा बोलेरोला असं करता येईल का. कौशल्य असलेले मेकॅनिक तिकडे नक्कीच आहेत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत, कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कडक शब्दांत सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. ड्रम चांगल्या स्थितीत ठेवणं, वेळेवर लायनर बदलणं आणि घाटात गिअरमध्ये उतरणं, यात तिथलं बरंचसं भागतं. इथे पेनसिल्व्हेनियात दर वर्षी इन्स्पेक्शन होतं, ब्रेक त्यात आलेच. माझ्याकडे बदललेल्या भागांच्या पावत्या होत्या, इन्स्पेक्टरनं पाइपचे जोड आणि केबल हात लावून पाहिली आणि स्टिकर दिला.

आजच पुन्हा घ्यायचं झालं तर? ट्रक ऑटोमॅटिक असता तर हेच किट पुन्हा घेतलं असतं, फक्त केबल गाडीच्या मापाच्या वेगळ्या मागवल्या असत्या. मॅन्युअल आणि डोंगराळ गाव असं असेल तर चाकं बदलायचा खर्च धरून टोपीतल्या ड्रमचं किट घ्या. तिथेही मिठाच्या प्रदेशात ते छोटे शू गंजतात आणि त्यांचं लायनिंग सुटतं, म्हणून दर दोन वर्षांनी रोटर काढून पाहावं लागेल, पण धरायचं काम ते शूच करतील आणि निवल्यावर सुटणार नाहीत. मी सध्या आहे ते ठेवलंय. थँक्सगिव्हिंगच्या आधी, पहिलं मीठ पडायच्या आत, दोन्ही लिव्हरच्या पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचंय, आणि उजव्या लिव्हरचा तो 'टक्' अजून येतो का ते ऐकायचंय.